आत्याची अंगणातली मांजरं दोन महिने सांभाळायची असतील तर

आत्याचा फोन आला की आधी गुडघ्यांचा विषय निघतो आणि मग मांजरांचा. या वेळी दोन्ही एकदमच निघाले. गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात, मुलाकडे राहून. श्रावण सरता सरता जायचं आणि दिवाळीच्या तोंडावर परत यायचं. "तोवर माझ्या लेकरांकडे कोण बघेल रे?" लेकरं म्हणजे नाशिकमध्ये मखमलाबादला तिच्या घराच्या अंगणात राहणारी तीन मांजरं : काळू बोका, ठमी आणि ठमीची लेक सोनी. इकडे माझ्या इंदिरानगरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन मांजरं आधीच आहेत, आणि त्यांनी जन्मात अंगण पाहिलेलं नाही.

तुमच्याकडेही अशी जबाबदारी पहिल्यांदाच आली असेल, तर ज्या क्रमानं मी हे केलं त्याच क्रमानं सांगतो. सुरुवात एका चुकीपासून करावी लागेल.

१. मांजरं घरी आणायची नाहीत

काही वर्षांपूर्वी आत्या पंधरा दिवस यात्रेला गेली होती, तेव्हा मी मोठ्या प्रेमानं काळूला पोत्यात घालून घरी आणलं. तीन दिवस तो कपाटाखाली बसला. चौथ्या रात्री खिडकीची मच्छरदाणीची जाळी फाडून छज्ज्यावर उतरला आणि तिथून खाली. नऊ दिवस मी टॉर्च घेऊन सोसायटीभर "काळू, काळू" करत फिरलो. शेवटी मागच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या मोटरीमागच्या सांदीत सापडला. हाडं मोजता येतील इतका वाळला होता.

अंगणातलं मांजर माणसापेक्षा जागेला जास्त बांधलेलं असतं. कुंपणाचा कोपरा, गाडीचं चाक, जिन्याची कड अशा ठिकाणी गाल घासून, नख्या ओढून, बोका असेल तर मूत फवारून ते वासाचा नकाशा तयार करतं. त्या नकाशात ते निर्धास्त असतं. उचलून दुसरीकडे नेलं की नकाशा पुसला जातो, आणि मग ते एक तर लपून बसतं, नाहीतर घराच्या ओढीनं पळतं. नव्या जागी मांजर मोकळं सोडायचं तर आधी निदान दोन-तीन आठवडे, भित्रं असेल तर महिनाभर, आत ठेवावं लागतं. तुमच्या पाहुणचाराची निम्मी मुदत त्यातच जाते! म्हणून मांजरं जागेवर राहू द्यायची, जा-ये आपण करायची.

याला अपवाद चारच : आईशिवायची लहान पिल्लं, औषध चालू असलेलं आजारी मांजर, घराचं पाडकाम किंवा मोठी दुरुस्ती, आणि "पोत्यात घालून लांब सोडून येतो" म्हणणारा शेजारी. (तसं सोडून येणं प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हे त्याला शांतपणे सांगून ठेवावं. माझ्या अनुभवानं कायद्यापेक्षा दिवाळीचा फराळ लवकर लागू पडतो.) अपवादांचं पुढे बोलू.

२. एकट्यानं पेलायचं नाही

इंदिरानगरहून मखमलाबाद म्हणजे मुंबई नाका, सीबीएस, अशोक स्तंभ आणि मग गोदावरी ओलांडून पलीकडे. ऑफिस सांभाळून हे रोज दोनदा जमत नाही. जमेल असं पहिल्या आठवड्यात वाटतं फक्त. मी सकाळ घेतली आणि आत्याच्या शेजारच्या काकूंना संध्याकाळ दिली.

नदीच्या पलीकडे आपलं एक माणूस हवंच, याला नाशिकचं वेगळं कारण आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाकडचा परिसर पाण्याखाली जातो आणि पुराची उंची ज्यावरून जोखतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं याच्या बातम्या सुरू होतात. त्या दिवशी नदीकाठचे रस्ते बंद, आणि उरलेल्या पुलांवर अख्खं गाव. तेव्हा किल्ली आणि आठवडाभराचं खाणं पलीकडच्या घरात आधीच ठेवलेलं असावं. ज्यांच्यावर संध्याकाळ सोपवली त्यांना मांजरं ओळखतात का, हेही बघा. काकूंच्या हातात काठी बघायची सवय असलेली मांजरं काकूंच्या हातातली ताटली बघून येणार नाहीत.

३. नातेवाईक निघण्याआधी दोन संध्याकाळी तिथे घालवा

फोनवर "सगळं सोपं आहे, ताटली ठेवली की येतात" असं सांगितलं जातं. येतात, पण त्यांच्या माणसाकडे. मी दोन दिवस आत्याच्या मागे कट्ट्यावर नुसता बसून होतो. तेव्हा कळलं की सोनी ताटलीजवळ येतच नाही. ती टाकीवर बसते आणि तिचं खाणं वर द्यावं लागतं, नाहीतर काळू तिचंही संपवतो. हे आत्याला सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, कारण तिच्या हातांना ते पाठ झालंय.

आत्याची हाक मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. ती "या गं बायांनो" म्हणत स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवते. काळूही त्या बायांतच मोडतो. पहिले चार दिवस मी तेच रेकॉर्डिंग लावून तीच ताटली वाजवत होतो. शेजारच्या पोरांची करमणूक झाली, पण तिघंही आली. वेळही तिचीच ठेवा. सकाळी सात म्हणजे सात.

प्रत्येक मांजराचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. हरवलं तर "काळं मांजर, पांढरे पाय" एवढ्यावर शोधता येत नाही.

आता विचारायचे अवघड प्रश्न. लसी कधी झाल्या, जंताचं औषध कधी दिलं, आणि मुख्य म्हणजे भाट्यांची, म्हणजे माद्यांची, नसबंदी झालीय का? मांजराचा गाभण काळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असतो आणि चार-पाच महिन्यांची मादीही गाभण राहू शकते. दोन महिन्यांसाठी तीन मांजरं घेतली आणि परत देताना सात झाली, असं सहज होतं. ठमीचं ऑपरेशन झालेलं होतं, सोनीचं नव्हतं. आत्या जायच्या तीन आठवडे आधी आम्ही ते उरकलं. टाके भरेपर्यंत सोनी आत्याच्याच मागच्या खोलीत होती.

आणि पैसे. नात्यात हा विषय काढायला जीभ अडखळते, पण काढा. दवाखान्याचा खर्च कोण करणार, किती रकमेपर्यंत न विचारता करायचा, आणि रात्री अपरात्री तुम्ही निर्णय घेतलात तर तो मान्य आहे का, हे व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेजमध्ये घेऊन ठेवा. ऑपरेशन थिएटरमधल्या बाईला "काळूला भूल द्यायची का?" असं विचारता येत नाही.

४. आधी आपल्या मांजरांची लस

तुम्ही रोज दोन घरांत वावरणार, म्हणजे चपला, कपडे आणि हात यांवरून रोगांची ने-आण तुम्हीच करणार. सगळ्यात भीती पॅनल्युकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या पार्व्होची. हा विषाणू घराबाहेर वर्षभरही टिकू शकतो आणि पिल्लांना दोन-चार दिवसांत संपवतो. मांजरांची नेहमीची तिहेरी लस या रोगावर आणि सर्दी-डोळ्यांच्या दोन विषाणूंवर असते, रेबीजची वेगळी. घरातल्या घरात राहणाऱ्या मांजरांचे मालक "आमची कुठे बाहेर जातात?" म्हणून बूस्टर चुकवतात. मीही चुकवला होता. जबाबदारी सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तो देऊन घ्या.

रोजची शिस्त साधी आहे. घरच्या मांजरांना आधी खाऊ घालायचं, मग बाहेर पडायचं. आत्याकडे चपलांचा वेगळा जोड. परत आल्यावर दाराशीच हात साबणानं धुवायचे, शर्ट बदलायचा, आणि मगच आपल्या मांजराला हात लावायचा. वासाचंही कारण आहे. पहिल्या दिवशी मी तसाच घरात शिरलो, तर माझ्या मनीनं पायाचा वास घेतला, शेपटीचा बंब केला आणि घरातल्या दुसऱ्या मांजराला, पिंट्यालाच, धरून बडवलं. राग परक्या बोक्याच्या वासाचा, मार घरच्याला. असं झालं तर मधे हात घालू नका. दोघांमध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवा आणि तासभर वेगळ्या खोल्यांत ठेवा.

फरशी पुसायचं काळं फिनाईल मांजराच्या घरात नकोच. त्यातली फिनॉल जातीची रसायनं मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत, आणि पाय चाटून ती पोटात जातात. शिवाय पॅनल्युकोपेनियावर त्याचा भरवसा नाही. सोडियम हायपोक्लोराइटचं साधं ब्लीच, एक लिटर पाण्यात सुमारे ३० मिली, दहा मिनिटं ठेवून मग साध्या पाण्यानं पुसायचं. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर ते कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

५. खाणं

चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला अंदाजे २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. कोरडं खाणं देत असाल तर ते साधारण ५० ते ६० ग्रॅम, दोन वेळांत मिळून. पाकिटावर कोष्टक असतं, ते बघा. दूध-पोळीवर वाढलेली मांजरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, पण मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही. पोळीत त्यांना लागणारं टॉरिन नसतं. ते सतत कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. उकडलेलं बिनमिठाचं चिकन अधूनमधून चालतं. त्यात कांदा-लसूण अजिबात नको, म्हणजे घरच्या रश्श्यातला तुकडा धुऊनही नको. श्रावण आपल्याला असतो, मांजरांना नसतो. आत्याच्या ओट्यावर मासळी चालत नाही, म्हणून सुकट मी डब्यातून नेतो आणि अंगणातच देतो.

नवं खाणं सुरू करू नका. जे ती देत होती तेच द्या. बदलायचंच तर सात-आठ दिवसांत थोडं थोडं मिसळून.

ताटली पसरट भांड्यातल्या पाण्यात ठेवली की मुंग्या लागत नाहीत. वीस-पंचवीस मिनिटांत उरलेलं उचलून टाका. पडून राहिलेल्या खाण्यावर कावळे, मुंगूस, घुशी, गल्लीतली कुत्री आणि पराया बोका, सगळे पंगतीला येतात आणि भांडणाच्या जखमा तिथूनच सुरू होतात. पाणी मात्र कायम, दोन ठिकाणी, खाण्यापासून थोडं लांब.

खाताना मोजणी करा आणि वहीत लिहा : तारीख, कोण आलं, कोणी किती खाल्लं, काही वेगळं दिसलं का. काकू आणि मी एकच वही ओसरीतल्या कोनाड्यात ठेवतो. एका वेळेला कोणी आलं नाही तर चालतं. सलग दोन वेळा नाही आलं तर शोध सुरू. बहुतेक हरवलेली मांजरं काहीशे मीटरच्या आतच लपलेली असतात. रात्री अकरानंतर, रहदारी थांबल्यावर, टॉर्च खाली धरून शोधा; डोळे चमकतात. गोदामं, मीटरच्या खोल्या, बंद गाड्यांचे तळ आधी बघा.

६. अंगणाबाहेरचे धोके

मखमलाबाद, मातोरी, दरीकडच्या भागात अजून द्राक्षबागा आहेत, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात. ओल्या अंगानं, औषधाच्या वासानं मांजर आलं तर ते स्वतःला चाटायच्या आत सौम्य साबणानं धुवा, हातात ग्लोव्हज घालून. लाळ गळत असेल, अंग थरथरत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, दवाखाना गाठा. शेजारी उंदरांचं औषध टाकतात का तेही विचारून ठेवा. विष खाल्लेला उंदीर खाऊनही मांजर मरू शकतं.

बिबट्या ही इथे दंतकथा नाही. मळ्यांच्या कडेच्या वस्त्यांत आणि देवळाली कॅम्पकडे तो दिसत असतो. संध्याकाळचं खाणं अंधार पडायच्या आत द्या, आणि मांजरं ऐकत असतील तर रात्री ओसरीत किंवा शेडमध्ये कोंडा. काळू ऐकत नाही. त्याच्यासाठी गच्चीवर जाणारा जिना मोकळा ठेवलाय.

तुमची पाळी हिवाळ्यात आली तर दोन गोष्टी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, आणि मांजरं गाडीच्या बॉनेटखाली उबेला शिरतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. निवाऱ्याला द्राक्षांचे दोन प्लास्टिक क्रेट एकमेकांवर पालथे बांधा, बाहेरून ताडपत्री, आत कोरडा पेंढा. गोणपाट किंवा जुनी चादर घालू नका, ती दव धरते आणि उलट गारठते. संक्रांतीच्या आधी-नंतर झाडांवर अडकलेला मांजा दिसेल तितका काढून टाका.

७. आणावंच लागलं तर

पोतं नको. टणक कॅरिअर घ्या, त्यात आत्याच्या वापरातली न धुतलेली ओढणी, वरून टॉवेल. घरात एक खोली पूर्ण वेगळी : दार बंद, ताटल्या वेगळ्या, शी-शूचा ट्रे वेगळा. निदान १४ दिवस हा विलगीकरणाचा काळ समजा. ट्रेमध्ये सुरुवातीला लिटरबरोबर, म्हणजे त्यात टाकायच्या विकतच्या दाण्यांबरोबर, अंगणातलीच माती मिसळा, कारण अंगणातल्या मांजराला विकतचे दाणे म्हणजे काय हे माहीत नसतं. खिडकीला पक्की धातूची जाळी हवी. मच्छरदाणीची जाळी काळूनं कशी उघडली ते वर सांगितलंच आहे.

दोन्हीकडच्या मांजरांची हळूहळू ओळख कशी करून द्यावी, यावर भरपूर सल्ले मिळतात : वासाची देवाणघेवाण, दाराच्या दोन बाजूंना ताटल्या, फटीतून दर्शन. ते सल्ले बरोबर आहेत, पण कायमचं एकत्र राहायचं असेल तर. दोन महिन्यांच्या पाहुण्यासाठी मी ते करणार नाही. ओळख पटायलाच कित्येकदा सहा-आठ आठवडे लागतात आणि तोवर पाहुणा परत निघालेला असतो. दार बंद ठेवा, सगळ्यांना वाचवा. तुमचा वेळ मात्र दोन्ही खोल्यांत वाटा, नाहीतर घरची मांजरं गादीवर मुतून निषेध नोंदवतात.

घरात कोणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्यानं साफ करायचा, आणि रोज करायचा. टॉक्सोप्लाझ्माची अंडी विष्ठेतून पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजची सफाई कामाची.

परत सोडताना थेट त्याच्याच अंगणात, खाण्याच्या वेळी, उपाशीपोटी. गल्लीच्या तोंडाशी नाही.

८. वाट न बघता दवाखाना

बोका वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो आणि लघवीचा थेंब येत नाही : त्याच तासाला निघा. मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो. पुष्कळांना हे बद्धकोष्ठ वाटतं आणि एरंडेल पाजण्यात रात्र जाते.

चोवीस तास काहीच खाल्लं नाही, विशेषतः गुबगुबीत मांजरानं, तर फोन करा. उपाशी लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून ते बिघडतं. उघड्या तोंडानं धाप, सतत उलट्या-जुलाब, पिल्लू निपचित पडणं, यांनाही सकाळपर्यंत थांबायचं नाही.

घरातल्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांचं परमेथ्रीन असलेलं गोचिडाचं औषध मानेवर टाकलं तरी तेच. पिसवांवर मांजरांसाठीचंच औषध, वजन सांगून, डॉक्टरांकडून घ्या. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो हे दुखणं यायच्या आधी फोन करून विचारा. पाटीवर "२४ तास" असलेल्या एका ठिकाणी मी रात्री दीडला कुलूप बघून आलोय.

आणि तुम्हाला चावलं-ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, हळद-चुना न लावता, आणि त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लसीचं विचारा. मांजराला लस दिलेली असली तरी. मांजराचा चावा बारीक दिसतो पण खोल जातो, दुसऱ्या दिवशी हात सुजतो.

९. परत देताना

आत्या यायच्या दोन आठवडे आधीपासून आम्ही ताटल्या जमिनीवरून उचलून कट्ट्यावर ठेवायला लागलो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला उकिडवं बसता येणार नाही, वाकताही जपूनच येईल. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाच्या पायात तीन भुकेली मांजरं घुटमळणं म्हणजे पडण्याला आमंत्रण, त्यामुळे खाणं आता ओसरीच्या दाराशी नाही, बाजूच्या कट्ट्यावर मिळतं हे त्यांच्या अंगवळणी पडायला हवं. ठमी दोन दिवसांत शिकली. काळूनं पाच दिवस रिकाम्या दाराशी बसून आरडाओरडा केला आणि सहाव्या दिवशी, आपणच ही जागा शोधून काढल्यासारखा, कट्ट्यावर येऊन बसला. सोनी अजून टाकीवरच आहे. तिची ताटली सध्या काकूच वर देतात, आणि आत्या जिना चढायला लागेपर्यंत देत राहतील असं ठरलंय.